वामीचे खवले

"दामू, तुझ्या बायकोला सांगून ठेव. परत कालवणाच्या तपेलीवरचं झाकण उचलताना दिसली, तर मी तपेलीच उचलून उकिरड्यावर ठेवीन."

दामू ओट्यावर जाळ्याची फाटलेली घरं विणत बसला होता. पन्नाशीला आलेला गडी, पण आईचा आवाज चढला की मान आणखी खाली घालायचा. "सांगतो," म्हणाला. तो सांगणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

"वास घ्यायचाय तर दारातनं घ्यावा. झाकण कशापायी उचलायचं? आन उचलून काय म्हणती, तर 'आत्याबाई, चिंच जरा जास्त झालीया.' मला! मी धरणाच्या रस्त्यावर पाटी घेऊन बसत हुते तवा हिचा जन्म बी झाला नव्हता. आन ही मला चिंच शिकवती!"

"झाली आसंल जास्त," दामू जाळ्याशी बोलल्यासारखं बोलला.

"काय म्हणलास?"

"काय न्हाई."

गोजराबाई पदर खोचून पुन्हा चुलीपाशी गेली. घरात गॅस होता, पण बाळंतिणीचं कालवण ती चुलीवरच करायची आणि स्वतःच करायची. दामूची थोरली लेक जुईली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी होऊन आज पाचवा दिवस. सासर नेऱ्याला, नोकरी हिंजवडीच्या हापिसात. तिथं दुपारचा डबा जिथं मिळेल तिथनं मागवणारी ही पोरगी इथं आजीच्या ताटातला घास काही केल्या गिळत नव्हती. दोन घास खाऊन ताट सरकवायची आणि एकच विचारायची, "आई कुठंय? आईला सांग ना करायला."

आई, म्हणजे गौतमी, घरातच होती. अंगण झाडत होती, बाळाची लंगोटं धूत होती, पाणी तापवत होती. फक्त बाळंतिणीच्या भांड्याला तिनं हात लावायचा नाही आणि बाळाजवळ जायचं नाही, असा या घरात चोवीस वर्षांचा नेम होता.

त्यामागं आणखी जुना एक नेम होता. बाळंतिणीला मासा द्यायचा तो खवल्याचा. रोहू चालेल, मृगळ चालेल, नदीतली बारकी खवल्याची मासळी तर उत्तम. पण बिनखवल्याचा, उघड्या अंगाचा शिंगाळा चालायचा नाही आणि दोरासारखी लांब, बुळबुळीत वाम तर नाहीच नाही. गोजराबाईच्या सासूनं तिला सांगितलं होतं, खवले म्हणजे माशाचं लुगडं. लुगड्यातला मासा खाल्ला की बाळंतीण झाकलेली राहते, वारं बाधत नाही, दूध टिकतं. उघडा मासा खाल्ला की तिचंही अंग उघडं पडतं.

चोवीस वर्षांपूर्वी गोजराबाईची लेक सुंद्रा अशीच बाळंतपणाला आली होती. गौतमी तेव्हा तीन महिन्यांची नवरी. तिनं सुंद्राला वामीचं कालवण घातलं. नवव्या दिवशी सुंद्राचं बाळ गेलं. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की बाळाच्या काळजाला भोक होतं, जन्मापासूनच होतं. पण भेटायला जमलेल्या बायांपुढं गोजराबाई अंगणात उभी राहिली आणि सुनेकडं बोट करून म्हणाली, "माझ्या लेकीला उघडा मासा घातला हिनं!" त्या दिवसापासून या घरातच काय, अख्ख्या वस्तीत कुणी गौतमीला बाळंतिणीचं करायला बोलावलं नाही. तिची स्वतःची दोन बाळंतपणं झाली, तेव्हाही चुलीपुढं सासूच होती.

आज दुपारी सुंद्रा बाळ बघायला पौडाहून येणार होती. म्हणून आज तरी झाकणाला हात नको होता.

---

तपेली मंद आचेवर ठेवून गोजराबाई बाहेर आली, तर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला धाकट्या नातीनं दुकान मांडलेलं. काचेच्या पट्ट्या, चिमटा, मोबाइलला अडकवायचं भिंग, आणि कागदाच्या पुड्या. पुडीपुडीवर तारीख आणि जागा लिहिलेली. धम्मदीपा पुण्याला प्राणिशास्त्र शिकत होती आणि या वर्षी तिला मुळशीच्या पाण्यातल्या माशांचे खवले गोळा करायचे होते. गेला महिनाभर ती आजीच्या पाटीपाशी बसून गिऱ्हाइकांदेखत कचऱ्यातनं खवले वेचत होती. गोजराबाईला त्याची लाज वाटायची.

"शिकायला धाडली पुण्याला, आन शिकली काय, तर उकिरडा येचायला," ती म्हणाली.

"आजी, बस इथं. डोळे मीट," दीपा म्हणाली.

"कशाला?"

"परीक्षा आहे तुझी."

परीक्षा म्हटल्यावर गोजराबाई बसली. शाळेत ती दोन वर्षं गेली होती, तीही सलग नाही. कुणी परीक्षा घेतो म्हटलं की तिची मान ताठ व्हायची. डोळे मिटून तिनं तळहात पुढं केला. "चिमटा बिमटा काढू नगस."

दीपानं एक खवला हातावर ठेवला. गोजराबाईनं तो अंगठ्यानं एकदाच चोळला. "रोहू. धरणातला. दोन किलोच्या खाली न्हाई."

दुसरा ठेवला. तिनं तो उलटा करून कडेवरनं बोट फिरवलं. "ह्यो आपल्या पाण्याचा न्हवं. मागच्या कडंला फणीवानी दात हायेत. जिताडा. पेणकडनं बर्फात येतो त्यो."

तिसरा खवला नव्हताच, वाळलेल्या कातडीचा तुकडा होता. "मुशी, दर्यातली. हिकडनं हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर किसणी. आन काय हाय? कठीण काय तरी काढ."

दीपानं टाळ्याच वाजवल्या. "आजी, आमच्या वर्गातल्या निम्म्यांना हे जमलं नाही!"

"त्यांनी पाटी कधी डोक्यावर घेतली?" गोजराबाई डोळे उघडत म्हणाली. पण आतनं ती फुलली होती. आवाज मऊ झाला. "ह्याचं करतीस काय तू?"

मग दीपानं सांगितलं. रोहूचा खवला गोल, पातळ, कड गुळगुळीत, आणि आत वाटोळ्या रेघाच रेघा. जिताड्याच्या खवल्याला मागं फणी. आणि मुशीच्या अंगावर जे आहे ते खरं तर दातच. दाताच्या आत जसा गाभा असतो तसा त्यालाही असतो, वरनं तसंच टणक कवच. फार जुनी तऱ्हा आहे ती. माणूस सोड, आपल्या धरणातले हे मासे सुद्धा नव्हते, तेव्हापासूनची. खवला बघितला की कोणता मासा कुणाच्या गोतातला, याचा माग लागतो.

"थांब थांब. मुशीला अंगभर दात?"

"अंगभर."

दारात गौतमी तांदूळ पाखडत उभी होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. गोजराबाईनं ते टिपलं. "हसतीस काय गं? तुला वाटलं माझ्यावरनंच बोलतीया."

"न्हाई, आत्याबाई," गौतमी म्हणाली आणि सुपात बघू लागली. दामूला मात्र जाळ्याआड खोकला आला.

"आन एकट्या खवल्यावर निकाल द्यायचा नसतो," दीपा आपल्याच नादात बोलत होती. "आता वाम घे. तिच्या पाठीवर काटे आहेत, म्हणजे गोत जिताड्याकडचं, काटेवाल्यांचं. पण खवले बघशील तर रोहूसारखे, गुळगुळीत कडेचे. म्हणून खवला, काटा, दात, हाड, सगळं बघावं लागतं."

गोजराबाई हसली. मोठ्यांदा, दामूनं वर बघावं एवढ्यांदा. "गेली. पोरगी परीक्षेत गेली! आगं, वामीला खवला कुटं असतो? पन्नास वरसं माझ्या हाताखालनं वाम गेली. नुसता बुळबुळीत दोर. राखंनं चोळल्याबिगर हातात ठरत न्हाई."

"राखेनं चोळतेस ना? त्या राखेबरोबरच जातात."

"काय जातं?"

"खवले. लई बारीक असतात, आजी. चिखलात, दगडाच्या फटीत शिरायचं असतं तिला, बारीकच सोयीचे. बुळबुळीखाली बसलेले असतात."

"पुस्तकात लिवलं आसंल."

"पुस्तक कशाला? बादलीत वाम आहे की."

पहाटेच्या जाळ्यात दामूला तीन वामी मिळाल्या होत्या. दीपानं एक मेलेली वाम पाटावर घेतली. राख लावली नाही. मिठाच्या पाण्यानं हळूहळू बुळबुळ काढली, फडक्यानं टिपली. मग बोथट सुरी शेपटाकडनं डोक्याकडं अलगद ओढली. सुरीच्या पात्यावर राखाडी चिकटा आला. गोजराबाईनं असा चिकटा हजारदा तळहातावरनं धुऊन टाकला होता. "ही घाण हाय," ती म्हणाली.

दीपानं त्यातला टिपकाभर काचेवर घेतला, वर पाण्याचा थेंब सोडला आणि मोबाइल भिंगावर धरला. "बघ."

गोजराबाईनं बघितलं. मोबाइलच्या काचेत लांबट गोल चकत्या दिसत होत्या. एक नाही, वीस-पंचवीस. काही सुट्या, काही अजून एकावर एक, कौलांसारख्या बसलेल्या. प्रत्येकीच्या आत रेघेत रेघ, रेघेत रेघ. रोहूच्या खवल्यात असते तशीच, फक्त एखाद्या बाहुलीच्या संसारातली असावी एवढी.

तिनं मोबाइल डोळ्यांजवळ ओढला, मग लांब धरला. म्हणाली, "ही येगळी वाम आसंल. दुसरी काढ."

दीपानं दुसरी काढली. दुसऱ्या वामीच्याही अंगावर लुगडं होतं.

"आन शिंगाळा?"

"शिंगाळ्याला खरंच नाहीत. त्याच्या फार मागच्या पूर्वजांना होते, ह्यांच्या वंशात ते गेले. पण म्हणून तो उघडा नाही काही. त्याची कातडी त्याला पुरते."

गोजराबाईला शिंगाळ्याचं काही पडलं नव्हतं. तिची नजर दाराकडं गेली. गौतमी सूप तसंच धरून उभी होती. पाखडणं थांबलं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. सासूकडं तिनं एकदा बघितलं, रागानं नाही, जिंकल्यासारखंही नाही, आणि सूप घेऊन आत निघून गेली.

ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. गोजराबाईपाशी बोलण्याला उत्तर होतं. कुणाच्याही बोलण्याला होतं. या गप्प बसण्याला चोवीस वर्षांत तिला उत्तर सापडलं नव्हतं.

"आजी? काय झालं गं?"

"ऊन आलं डोळ्यात," गोजराबाई म्हणाली. ओट्यावर सावली होती.

---

हात धुवायच्या निमित्तानं ती मागच्या टाकीपाशी गेली आणि तिथंच दगडावर टेकली.

वामीचा दोष होता तोवर ठीक होतं. उघडा मासा, मोडलेला नेम, अडाणी सून: एवढं या तिन्हींचं आवरण होतं, आणि त्याच्या खाली जे होतं ते गोजराबाईनं इतक्या खोल दाबून ठेवलं होतं की कधीकधी तिला स्वतःलाही ते खोटंच वाटायचं. आज पोरीनं सुरीनं अलगद खरवडलं आणि ते वर आलं.

त्या दिवशी ती धरणाच्या रस्त्यावर पाटी लावून बसली होती. पुण्याची दोन गाड्या भरून माणसं समोर उभी. मासा तोलत, एकाशी भांडत, दुसऱ्याशी गोड बोलत असताना गौतमी धावत आली होती. डोक्यावरचा पदर सावरत तिनं विचारलं होतं, "आत्याबाई, घरात दुसरा मासा न्हाई. निस्ती वाम हाय. वन्संला घालू का? आमच्या म्हायेरी, मुठ्याला घालत्यात बाळंतिणीला." आणि गोजराबाई मागं न बघता म्हणाली होती, "घाल की. जे हाय ते घाल. मला हितं येळ न्हाई."

घाल की, म्हणाली होती. नेम पहिल्यांदा मोडला तो तिनं.

पुढं बाळ गेलं. सुंद्रा भिंतीवर डोकं आपटून घेत होती आणि "असं का झालं, आये" म्हणून विचारत होती. बाया अंगणात बसल्या होत्या. काळजाचं भोक कुणाला दाखवता येत नव्हतं. मग कुणीतरी विचारलं, बाळंतिणीला खायला काय घातलं होतं? त्या एका क्षणात सगळ्यांच्या नजरा गोजराबाईकडं वळायला लागल्या आणि त्या पोचायच्या आत तिनं सुनेकडं बोट केलं. गौतमीनं तोंड उघडलं होतं. उघडलं आणि मिटलं. एकोणीस वर्षांची पोर. तिनं फक्त सासूकडं एकदा बघितलं होतं. आत्ता दारातनं बघितलं, अगदी तसंच.

रात्री दामूला तिनं सांगितलं असेल का? सांगितलं असतं तर दामू असा मुका झाला नसता. किंवा म्हणूनच मुका झाला असेल. गोजराबाईनं कधी विचारलं नाही.

ती हात धूत राहिली. हातावर काहीच नव्हतं, तरी धूत राहिली. किती वामी घासल्या असतील या हातांनी. प्रत्येक वेळी खवले पाण्याबरोबर मोरीत गेले आणि हीच बाई त्याच पाण्याच्या कडेला उभी राहून लेकीसुनांना सांगत आली, वाम उघडी असते. माशाचं आपल्याला सगळं कळतं असं वस्ती म्हणायची. ती स्वतः वस्तीच्याही आधी म्हणायची.

"आये, सुंद्रा आली," दामूनं हाक मारली.

---

सुंद्रा आली होती. बरोबर शेजारची म्हातारी होती, चंद्रकांतची आई. ही त्या दिवशीही अंगणात होती. आजही बाळ बघायच्या निमित्तानं सगळ्यात आधी आली होती. सुंद्रा जुईलीच्या बाजेशेजारी बसली, बाळाला मांडीवर घेतलं, आणि बाळाकडं बघताना तिचा चेहरा थोडा वाकडा झाला, दरवेळी दुसऱ्याच्या बाळाकडं बघताना व्हायचा तसा. मग सावरून म्हणाली, "नाक आमच्या आयेचं हाय."

"मग नशीब काढलं पोरीनं," चंद्रकांतची आई म्हणाली. "तोंड तेवढं आजीचं नसावं."

एरवी गोजराबाईनं तिला अशी परतफेड केली असती की म्हातारी आठवडाभर फिरकली नसती. आज ती भिंतीला टेकून नुसती बसली. जुईलीपुढं कालवणाचं ताट होतं, चिंच घातलेलं, लालभडक, आणि तिनं त्यात भाकरीचा एक तुकडा बुडवून तसाच ठेवला होता.

"खा की गं," सुंद्रा म्हणाली. "दूध कसं यायचं?"

"आत्या, घशाखाली जात नाही. मी रोज सांगतेय, आईच्या हातचं हवंय मला," जुईली म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच दिवसांची बाळंतीण, तिला रडायला एवढं पुरेसं होतं. "माझीच आई आहे ना ती?"

तेवढ्यात गौतमी पाण्याचा तांब्या घेऊन आली. नणंदेला पाणी द्यायला ती उंबरा ओलांडणार, तोच सुंद्रा सवयीनं म्हणाली, "वैनी, तिथंच ठेव. बाळापाशी नगं."

आवाज चढवला नव्हता. वाईट हेतूही नव्हता. "दार लोटून घे" म्हणावं तसं म्हणाली. आणि गौतमीही तेवढ्याच सवयीनं वाकली आणि तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवू लागली.

"तिथंच ठेव." हे शब्द गोजराबाईचे होते. तिनंच पहिल्यांदा उच्चारले होते, याच दारात. आता ते लेकीच्या तोंडात मुरले होते, उद्या जुईलीच्या या मुलीच्या तोंडात जातील, आणि तोवर सांगणारं कुणी उरणार नाही. गोजराबाईला वाटलं, अंगावरचं लुगडं कुणीतरी भर अंगणात ओढतंय. आणि ओढणारं दुसरं कुणी नव्हतं.

ती उठली. गुडघा कडकन वाजला.

"गौतमी, तांब्या उचल. आत ये."

गौतमी तशीच वाकलेली राहिली.

"आगं, बहिरी झालीस का? उंबऱ्याच्या आत ये म्हणतीया."

गौतमी आत आली, दोन पावलं. पाठीमागं दारात दीपा आणि दामू येऊन उभे राहिले.

"सुंद्रे, तू ऐक. आन चंद्रकांतच्या आये, तू बी कान उघडे ठिव, त्या दिशी समद्यांत मोठ्यानं तूच रडली हुतीस." आवाज तिचाच होता, पण त्याची धार आज उलटी फिरली होती. "ती वाम हिनं आपल्या मनानं घातली नव्हती. ही पळत रस्त्यापातूर आली, मला इचारलं, वाम घालू का. मी घाल म्हणले. गिऱ्हाइकाकडं ध्यान हुतं माझं, पर म्हणले. मागनं तुमी समद्या माझ्याकडं बघाया लागला, तवा मी हिच्यावर ढकललं."

सुंद्राचे हात बाळाभोवती घट्ट झाले. "आये, काय बोलतीस तू? मी चोवीस वरसं हिच्या हातचं पाणी..."

"व्हय. माझ्यामुळं. डाक्टरनं काळजाचं सांगितलं हुतं, ते तुला बी ठावं हुतं आन मला बी. वामीनं काय केलं न्हाई. आन आज ह्या पोरीनं दावलं, वाम उघडी बी नसती. डोळं माझं आंधळं, आन दोष माशाला."

सुंद्रा काही वेळ बाळाच्या मुठीकडं बघत राहिली. मग तिनं गौतमीकडं मान वळवली आणि हात पुढं केला. गौतमीनं तांब्या तिच्या हातात दिला. सुंद्रा पाणी प्यायली, अर्धं पदरावर सांडलं.

चंद्रकांतच्या आईनं तोंडाला पदर लावला. दारात दामू भिंतीकडं तोंड करून उभा होता. गौतमी मात्र अजून सासूकडंच बघत होती, आणि गोजराबाईला आज ती नजर चुकवता येत नव्हती.

"आत्याबाई," गौतमी कशीबशी म्हणाली, "जुईलीला... काय घालू?"

गोजराबाईनं जुईलीपुढचं ताट उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"हे घेऊन जा, कुत्र्याला घाल. चिंच लई झालीया, सकाळीच सांगितलंस तू. माझी मान खाली जायला नगं म्हणून मी तुझी चोवीस वरसं खाली धरली, गौतमी. खोट तुझ्यात नव्हती, माझ्यात हुती. बादलीत वाम हाय. तुझ्या मुठ्याला करत्यात तशी कर आन तुझ्या लेकीला घाल. मी घाल म्हणले, आन ह्या खेपंला समद्यांनी ऐकलंय."